सकीचा ब्रेक

गाडी घेऊन सव्वादोन महिने झाले होते आणि त्यातले एकोणीस दिवस ती बिसेसर मेकॅनिकच्या शेडमध्ये होती. हे मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचो, ‘धुवायला दिलीय.’ एवढी मोठी गाडी, धुवायला वेळ लागणारच की!

मी सकिउसा, गावात सगळे सकी म्हणतात. अठरा वर्षं फौजेत काढली, त्यातली सहा वाळवंटात, दुसऱ्यांची भांडणं थांबवत. निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, घराला नवं छप्पर घाल. बायको सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेली, अडवणारं कुणी नव्हतं. मी उठलो, बोटीने राजधानीच्या बेटावर, सुवाला गेलो आणि जपानहून आलेली एक काळीभोर, सात जणांची, चामड्याच्या गादीची गाडी घेऊन आलो. अकरा वर्षांची, पण अशी चमकत होती की आमच्या बेटावर सावुसावुच्या धक्क्यावर बोटीतून उतरवली तेव्हा कुत्रीसुद्धा बाजूला झाली. विकणारा म्हणाला होता, एका म्हाताऱ्या डॉक्टरची होती, फक्त दवाखान्यात जायला वापरायचा. मीही गावात तेच सांगितलं. निदान शंभर वेळा सांगितलं असेल.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं झालं. या गाडीला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. रात्रभरात हवा जायची आणि सकाळी बघावं तर गाडी म्हशीसारखी बसलेली. चालू केली की दहा मिनिटं कुरकुरत उठायची. आतून एक बाई जपानी भाषेत बोलायची. काय बोलायची देव जाणे, पण फार नम्रपणे बोलायची. पडद्यावर कधी पिवळा दिवा लागायचा, कधी लाल, खाली जपानी अक्षरं. मी एकदा कागदाचा तुकडा चिकटवून तो दिवाच झाकून टाकला. बिसेसरने पाहिलं आणि म्हणाला, “फौजेत तोफेवर पण असाच कागद लावायचास का रे?”

त्यात आमच्याकडे केरेकेरे. नात्यातल्याने येऊन एखादी वस्तू मागितली की नाही म्हणायचं नसतं. तो उद्या तुला देईल, तू आज त्याला दे. आमचे बापजादे असेच जगले आणि मला ते मान्य आहे. पण कुऱ्हाड देणं वेगळं आणि चामड्याच्या गादीची गाडी देणं वेगळं! पहिल्याच आठवड्यात माझा मेहुणा वायसाके गाडी घेऊन गेला आणि मागच्या गादीवर आडवा ठेवून एक टुना मासा घेऊन आला. पंधरा दिवस वास गेला नाही. वर म्हणतो कसा, “एवढी गार हवा येते, मासा अगदी ताजा राहिला बघ!”

तेव्हापासून मी खोटं बोलायला लागलो. वायसाकेला खोबऱ्याची पोती न्यायची होती, म्हटलं, गिअर अडकतो. चर्चच्या बायकांना जत्रेला जायचं होतं, म्हटलं, बॅटरी गेलीय. चुलतभावाला लग्नासाठी डुक्कर आणायचं होतं, म्हटलं, ब्रेक लागत नाहीत. आणि त्याच रविवारी मी पांढरा सदरा घालून, काचा खाली करून चर्चला गेलो. सगळ्या गावाने पाहिलं. तेव्हापासून गावात कुणाला काम टाळायचं असलं की म्हणायचे, ‘याला सकीचा ब्रेक लागला.’ मीही हसायचो. करतो काय!

मंगळवारी बिसेसरने गाडी वर उचलली. पिशव्या बघायच्या होत्या. खाली शिरला आणि इकडेतिकडे ठोकून बघत राहिला. मग म्हणाला, “सकी, खाली ये.”

मी खाली वाकलो. वरून चमकणाऱ्या त्या गाडीचं पोट काळ्या रंगाने जाड माखलेलं होतं. बिसेसरने स्क्रूड्रायव्हरने जरा खरवडलं तर पापडासारखा पापुद्रा पडला. खाली नुसता गंज.

“बर्फाच्या गावची गाडी आहे ही,” तो म्हणाला. “तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. दहा वर्षं मिठातून फिरलीय. कसला डॉक्टर घेऊन बसलायस! ज्याने विकली त्याने वरून रंग फासलाय. हा पाइप बघ.”

मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप. बोटाने पुसला तर बोट ओलं झालं.

“हा आज जाईल, उद्या जाईल, महिन्याने जाईल. दाबून ब्रेक मारलास की जाईल. पुढचे ब्रेक थोडे धरतील, पण सपाटीवर. माणसं भरून डोंगर उतरायला लागलास तर संपलं. शुक्रवारच्या बोटीने पाइप मागवतो. तोवर गाडी इथेच राहू दे.”

बिसेसरची शेड सावुसावुच्या बस स्टँडच्या समोर आहे. आमच्या गावचा प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तिथून जातो. वर उचललेली, चाकं काढलेली, पोट उघडं पडलेली माझी गाडी सगळे बघणार आणि डॉक्टरची गोष्ट आठवून हसणार. मला ते सोसवेना. म्हटलं, “घरी नेतो. समुद्राकाठचा सपाट रस्ता आहे, माणसाच्या चालीने नेतो.”

“ने. पण चावी खिशात ठेव,” बिसेसर म्हणाला. “खिशात, सकी. कुणाच्या हातात नाही. ऐकू येतंय ना?”

“येतंय रे बाबा.”

बुधवारी संध्याकाळी जेवणाआधी माझ्या ओसरीवर नेहमीसारखे सगळे जमले होते. मधे लाकडी परात, परातीत यंगोना, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेलं आमचं गुंगीचं पेय, करवंटी एकेकाकडे फिरत होती. वायसाके होता, चार-पाच चुलते होते, दाराशी चटईवर माझी थोरली बहीण लितिया बसली होती. वायसाकेची बायको ती. आमच्यात सख्ख्या बहीणभावाने थट्टामस्करी करायची नसते, फारसं समोरासमोरही बोलायचं नसतं. मेहुण्याशी मात्र वाटेल ते बोलावं. त्यामुळे लितियाला माझ्याशी काही बोलायचं असलं की ते वायसाकेच्या तोंडून यायचं आणि तो त्यात आपलं मीठमिरची घालायचा.

तेवढ्यात त्यांचा तोमासी आला. माझा भाचा. तीस वर्षांचा, शाळेत मास्तर, सरळ पोरगा. लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा कुठे मूल झालेलं, सहा दिवसांपूर्वी, डोंगरापलीकडे लंबासाच्या इस्पितळात. तोमासी माझ्यासमोर गुडघे मोडून बसला आणि कागदात बांधलेली यंगोनाची मुळं पुढे ठेवली. भाच्याने मामाकडे नुसतं मागितलं तरी चालतं, पण हा रीतीने मागायला आला होता.

“मामा, उद्या सेरेआनाला घरी सोडताहेत. पोट कापून बाळ काढलंय, टाके ओले आहेत. बसमध्ये डोंगरातले धक्के तिला सोसायचे नाहीत. तुमची गाडी मिळाली तर बरं होईल. मी स्वतः चालवीन, आई बरोबर येईल. दुपारपर्यंत परत आणून देतो.”

मी म्हटलं, “तोमासी, गाडी नाही देता येणार. ब्रेक गेलेत.”

वायसाके असा हसला की त्याच्या हातातली करवंटी सांडली.

“ऐका! गिअर झाला, बॅटरी झाली, ब्रेक तर दुसऱ्यांदा जाताहेत! पुढच्या वेळी म्हणशील, चाकं खेकड्यांनी नेली!”

सगळे हसले. एक म्हातारा चुलता तर डोळे पुसायला लागला.

“खरं सांगतोय मी,” मी म्हटलं.

“हो का? मग काल दुपारी घरी कशी आणलीस? पोहत?” वायसाके म्हणाला. “आम्ही बघितलं की, काचा खाली, कोपर बाहेर. इतका हळू चालवत होतास की वाटलं राणीच आलीय! मेहुण्या, मासा नाही मागत आम्ही, डुक्कर नाही मागत. माझा नातू आणायचाय रे.”

तोमासी हसत नव्हता. तो खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. आणि दाराशी लितिया हळूच उठली आणि चटई गुंडाळायला लागली. मी वाळवंटात होतो तेव्हा आईला शेवटची तीन वर्षं तिने एकटीने उचललं, बसवलं, धुतलं. तिने मला ते कधी ऐकवलं नाही, तेव्हाही ऐकवलं नाही. नुसती चटई गुंडाळत होती.

आता सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. बिसेसरची शेड, खालचा गंज, फासलेला रंग, म्हातारा डॉक्टर. अठरा वर्षांची पुंजी एका भामट्याला देऊन आलो हे सांगावं लागणार, त्याच परातीभोवती, त्याच लोकांपुढे. दोन वाक्यं होती फक्त. मी गोळ्या चालताना रांगत गेलोय, पण ती दोन वाक्यं माझ्याने बोलवली नाहीत.

मी हसलो आणि म्हटलं, “अरे, थट्टा केली! भाच्याला नाही म्हणेन का मी?”

आणि खिशातली चावी काढून तोमासीच्या हातात ठेवली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लितियाने चटई परत पसरली. तोमासीने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, “हळू चालव. उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेव.” तो म्हणाला, “हो मामा.” मी मनाशी म्हणत होतो, सकाळी हा गाडी न्यायला येईल तेव्हा एकटा असेल, बाजूला घेऊन खरं सांगीन. एकट्याला सांगायला काही नाही. एवढं ठरवलं आणि बरं वाटलं, म्हणून आणखी चार करवंट्या प्यायलो.

यंगोना जास्त झाली की अंग लाकूड होतं. जाग आली तेव्हा ऊन पार चटईवर आलं होतं. मी तसाच बाहेर धावलो. गाडी नव्हती. शेजारची म्हातारी अंगण झाडत होती. म्हणाली, “तोमासी उजाडताच घेऊन गेला. म्हणाला, मामाला उठवू नका, झोपू द्या.”

गाडीची जागा मोकळी होती. मागचं चाक जिथे होतं तिथे जमिनीवर ताटाएवढा डाग. बोट लावलं. तेलकट. पाणी नव्हतं ते.

तोमासीला फोन लावला. डोंगरात रेंज नसते, लागेना. लितियाला लावला. दोन घंट्या झाल्या आणि उचलला. वायसाकेने.

“तुझी बहीण फोन घरीच विसरून गेली,” तो म्हणाला. “का रे? आता काय, स्टिअरिंगपण गेलं?”

मी तोंड उघडलं. सांग, सकी, आता तरी सांग. तो माणूस अजून हसत होता.

“काही नाही. सहज लावला,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री चावी दिली ती पहिली, ही माझी दुसरी करणी.

रस्त्यावर उभा राहून जे पहिलं वाहन आलं त्यावर चढलो. बिसेसर शेडचं दार उघडत होता. माझ्याकडे बघताच त्याला कळलं.

“चावी कुठाय?”

मी डोंगराकडे बघितलं.

“चावी कुठाय, सकी?”

“तोमासी लंबासाला घेऊन गेलाय. बाळाला आणायला.”

बिसेसरने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी फौजेतही ऐकल्या नव्हत्या. मग त्याने इस्पितळाचा फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. शेवटी कुणी बाई बोलली. बिसेसरने सेरेआनाचं नाव सांगितलं.

“गेले की ते,” फोनमधली बाई म्हणाली. “अर्धा तास झाला. गोड बाळ आहे हो!”

बिसेसरचा जुना ट्रक घेऊन आम्ही निघालो. सावुसावुहून चढाव सुरू झाला की तो ट्रक धापा टाकतो. बिसेसर दात-ओठ खात गिअर पाडत होता. मी हिशेब करत होतो. जाताना पाइप टिकला म्हणायचा, आता ते पलीकडून चढताहेत. चढावर ब्रेक लागत नाही. माथ्यापर्यंत धोका नाही. त्यांनी माथा ओलांडायच्या आत गाठले तर झालं. फक्त माथा ओलांडायच्या आत.

“पाइपचं त्याला सांगितलं होतंस का?” बिसेसरने विचारलं.

“सांगितलं. ब्रेक गेलेत म्हणालो.”

“मग?”

“हसले.”

“मग?”

वळण आलं. मी बाहेर बघत राहिलो.

“मग, सकी?”

“मग मी म्हटलं, थट्टा केली.”

बिसेसरने नुसता गिअर बदलला. शिव्या देत होता तेच बरं होतं.

समोरून लाकडांचा ट्रक आला. चालकाने हात वर केला, नेहमीसारखा. म्हणजे वर काही झालेलं नाही. मग एक टॅक्सी. आत बसलेली बाई केस विंचरत होती. म्हणजे काही झालेलं नाही. प्रत्येक येणाऱ्या माणसाचं तोंड मी असं वाचत होतो. मग बराच वेळ समोरून कुणीच आलं नाही. दहा मिनिटं झाली, काहीच येईना. या रस्त्यावर असं होत नाही.

“रस्ता अडलाय,” बिसेसर म्हणाला.

मी देवाला म्हटलं, गाडी घे, घर घे, मला घे. फौजेत असताना मी कधी प्रार्थना केली नव्हती, तशी केली. ढग रस्त्यावर उतरले होते, पुढचं वीस पावलांवरचं दिसत होतं. आणि मग त्या पांढऱ्यात एका बसचा मागचा भाग दिसला. बस वळणावर आडवी थांबली होती. माणसं खाली उतरून उभी होती.

मी चालत्या ट्रकमधून उडी टाकली.

रस्त्यावर काळे पट्टे होते, नागमोडी, लांबच लांब. उतरणाऱ्या गाडीच्या उजवीकडे दरी. पट्टे दोनदा दरीच्या काठापर्यंत गेले होते आणि दोनदा परत आले होते. शेवटी ते डावीकडे डोंगराच्या कापलेल्या भिंतीत शिरले होते. तिथे माझी गाडी होती. डावी बाजू पुढून मागपर्यंत चिरडलेली, काचा फुटलेल्या, एक दार उघडं. आणि आतली ती जपानी बाई बोलत होती. तसंच नम्रपणे, न थांबता, पुन्हा पुन्हा तेच.

बाळाचं रडणं ऐकू येत नव्हतं.

मी माणसं बाजूला सारत गेलो. सेरेआना बसच्या पायरीवर पोट धरून बसली होती, दोन बायका तिला धरून होत्या. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो. लितिया कुठाय? लितिया! मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीला नावाने हाक मारून ओरडलो.

ती बसच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला गवतात बसली होती, भिंतीकडे तोंड करून, अंगाचं मुटकुळं करून. कपाळावरून रक्त वाहत होतं आणि डावा हात विचित्र लोंबत होता. उजव्या हाताने तिने छातीशी गाठोडं धरलं होतं. एक बाई तिला म्हणत होती, “सोडा आता, बघू द्या.” ती सोडत नव्हती.

मी तिच्यासमोर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाठोड्याची कड एवढीशी बाजूला केली.

लाल, सुरकुतलेलं, मुठीएवढं तोंड. डोळे मिटलेले. मी बघत राहिलो. बघत राहिलो. मग त्या तोंडाने जांभई दिली.

“झोपलाय,” लितिया म्हणाली. “सगळा वेळ झोपला होता.”

मी तिथेच गवतात बसून रडलो. मोठ्याने, लाज सोडून.

तेवढ्यात तोमासी आला. चालत नाही आला, गुडघ्यांवर आला. सदरा फाटलेला.

“जाताना ब्रेक लागत होते, येताना पहिल्याच उतारावर पायाखालचं पेडल खाली गेलं, मामा. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, तरी थांबेना. मग मी भिंतीला घातली.” त्याचा श्वास पुरत नव्हता. “मामा, तुम्ही सांगितलं होतंत. सगळ्यांसमोर सांगितलं होतंत ब्रेक गेलेत म्हणून. मी ऐकलं नाही. तुम्हाला थट्टा केली म्हणावं लागलं, आमचं मन मोडू नये म्हणून. तुमची गाडी घालवली मी, मामा. मला माफ करा.”

बिसेसर माझ्यामागे उभा होता. मला त्याचे बूट दिसत होते.

मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, “असू दे रे. गाडीचं काय एवढं.”

शुक्रवारी दुपारी ते आले. मी घरात होतो. बाहेर पोरांचा गलका एकदम थांबला तेव्हा कळलं, काहीतरी रीतीचं आहे. वायसाके पुढे, तोमासी मागे, मग चुलते, मग बायका. लितियाचा हात गळ्यात बांधलेला, कपाळाला पट्टी. दारातून सगळे वाकून आत आले आणि चटईवर बसले. वायसाकेच्या हातात तंबुआ होता. देवमाशाचा दात, दोरीला बांधलेला, पिढ्यान् पिढ्या हात लागून पिवळा पडलेला. त्यांच्या घरात तो एकच होता. लग्नात नाही तर मरणात बाहेर काढायचा.

माझ्या लक्षात आलं. बुलुबुलु करायला आले होते. म्हणजे पुरणं. अपराध झाला की तंबुआ पुढे ठेवून माफी मागायची. समोरच्याने तो हातात घेतला की अपराध पुरला. मग त्या गोष्टीबद्दल कुणी, कधी, एक शब्द काढायचा नाही. आणि तंबुआ नाकारायचा नसतो. नाकारणं म्हणजे वैर.

वायसाकेने मान खाली घातली. दोन हातांत तंबुआ धरून तो बोलायला लागला, आणि त्या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“सकिउसा, तू खरं बोललास आणि आम्ही हसलो. पहिला मी हसलो. तुझ्या शब्दाची किंमत मी केली नाही. माझा नातू त्यापायी मरता मरता वाचला. तुझी गाडी गेली, तुझी सगळी कमाई गेली. तोंड दाखवायला जागा नाही आम्हाला. हा तंबुआ घे आणि आमची चूक पूर.”

आता बोल, मी मला म्हटलं. आता नाही तर कधीच नाही. तंबुआ हातात घ्यायच्या आधी बोल. बिसेसर दाराबाहेर पायरीवर उभा होता, गाडी ओढून आणल्याचं सांगायला आला असावा. त्याला सगळं माहीत होतं. तो माझ्याकडे बघत होता, बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या.

मी म्हटलं, “वायसाके, ऐक. ती गाडी—”

“गाडीचं नाव नको काढूस,” म्हातारा चुलता हळूच म्हणाला. “पोरं गुडघ्यावर आहेत, सकी. ताटकळत ठेवू नकोस.”

तोमासी गुडघ्यावरच पुढे सरकला. “मामा, आणखी एक. सेरेआनाचं आणि माझं ठरलंय. बाळाचं नाव सकिउसा ठेवतोय आम्ही. त्याने खरं बोलणाऱ्या माणसाचं नाव लावावं.”

सगळी माणसं कौतुकाने ‘व्हॉ, व्हॉ’ म्हणाली. बायका रडायला लागल्या. वायसाकेचे पसरलेले हात थकून कापत होते.

मी तंबुआ घेतला.

घेतला आणि रीतीचे शब्द बोललो. तुमची चूक पुरली, आता आपल्यात काही राहिलं नाही. सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, जड, सावकाश, तीन वेळा. बिसेसरने वाजवल्या नाहीत. तो पायरी उतरला आणि गेला. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्या दिवशीच्या सगळ्या गोष्टींत मला त्याचीच जास्त लाज वाटते.

नंतर मी वायसाकेला बाजूला घेऊन सांगू पाहिलं. तो म्हणाला, “पुरलं ना, मेहुण्या? मग उकरतोस कशाला?” लितियाकडे वळलो तर ती आधीच माझ्यासमोर उभी होती. बहिणीने भावाच्या इतकं जवळ येऊ नये, पण ती आली. धडधाकट हातावर तिने बाळ घेतलं होतं. डोळे उघडे होते त्याचे, काळेभोर.

“घे,” ती म्हणाली. “तुझं नाव आहे ते. हातात घे.”

मी दोन्ही हात पुढे केले. ते इतके थरथरत होते की वायसाकेने खालून आधार दिला, आणि सगळ्यांना वाटलं मला आनंद झालाय.